सोळा खुंट्यांवरचा मफलर

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यातला मफलर मी कधी हातात घेऊन बघितलाच नव्हता. 2024 च्या भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा तो दारामागच्या खिळ्याला अडकवलेला होता. धुवायला घ्यावा म्हणून काढला, उजेडात धरला, तर त्यातून पलीकडचं अंगण दिसलं. उजव्या कानावर येतो तेवढा भाग झिजून नुसती जाळी उरली होती.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या माळवदाच्या दोन भिंती आत कोसळल्या. घरातली माणसं वाचली. पुढं कुठून कुठून मदतीची गाठोडी आली, त्यातल्या एका गाठोड्यातून हा मफलर अण्णांच्या वाट्याला आला. कुणी पाठवला, कोणत्या गावाहून आला, काही माहीत नाही. एकतीस वर्षं तो त्यांच्या कानाला होता. आमच्याकडं हिवाळ्यात गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचं ते लाईट असेल तेव्हा. शेतीपंपाला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की अण्णा आणि दादा मोटार चालू करायला निघतात आणि दारं धरत, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्या-वाफ्यात वळवत, पहाट करतात. पाय चिखलात, हातात खोरं आणि कानाला तो मफलर. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. दादा नको म्हणतो, पण ते ऐकत नाहीत.

"अण्णा, नवा घेऊन येते," म्हटलं तर म्हणाले, "कशाला? अजून ऊब हाय की त्यात."

बाजारात मफलर मिळतात, महागही नाहीत. पण मी वीस वर्षं लातूरला घरी शिवणकाम करते. अण्णांची बंडी, पायजमा, टोपी सगळं माझ्या मशीनवरचं. कानाला गुंडाळायचं तेवढं कुणा दुसऱ्याच्या हातचं होतं. ते आपण करायचं, असं त्या अंगणातच मनात धरलं. मुदतही ठरवली: येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. ती त्या वर्षी 30 डिसेंबरला होती. सगळं घरदार शेतात असतं, तेव्हाच त्यांच्या गळ्यात घालायचा.

अडचण एकच होती. मला लोकरीचं विणकाम येत नव्हतं. दोन सुयांवर मी आधी दोनदा बसले होते. दोन्ही वेळा टाके सुईवरून निसटले, एक निसटला की त्याच्यामागं चार निसटायचे, आणि ग्राहकांचे ब्लाउज पडून असायचे. मग सुया कपाटात गेल्या. या वेळी पुण्याला शिकणारी भाची दिवाळीला आली होती. तिच्या पिशवीत प्लास्टिकची चार रंगीत कडी होती, एकात एक बसवलेली. "मावशी, हा लूम. यावर कुणालाही येतं," म्हणाली आणि परत जाताना माझ्याकडंच ठेवून गेली.

लूम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं माग आला. पैठणला पैठणीचे माग बघितलेत, उदगीरकडं राष्ट्रध्वजाची खादी विणतात हे ऐकून आहे, घोंगड्या विणणाऱ्यांचा खड्डामाग लहानपणी बघितला होता. त्या सगळ्यांत आधी उभे धागे ताणून घ्यायचे आणि त्यांतून आडवा धागा नेत राहायचा. हा लूम तसा नाही. यात ताणलेले धागे नसतात. गोल कडं, कड्यावर उभ्या खुंट्या, आणि एकच धागा खुंट्यांना वेढे घेत जातो. लातूरकरांना सांगायचं तर गंजगोलाई डोळ्यांपुढं आणा. मधे गोल आणि भोवतीनं सोळा रस्ते फुटलेले, तशा या खुंट्या. सगळ्यात लहान कड्याला चोवीस होत्या. प्रत्येक खुंटीला बाहेरच्या अंगानं वरपासून खालपर्यंत एक खाच असते, त्या खाचेतून हुक वर सरकवायचा. सोबत तो वाकडा हुक आणि मोठ्या नेढ्याची प्लास्टिकची सुई, एवढंच सामान.

गोल कड्यावर गोल फिरत राहिलं तर नळी तयार होते, तिची टोपी होते. मफलरला गोल पुरा करायचा नाही. ठरलेल्या खुंटीपर्यंत (मी सोळावी धरली) जायचं आणि तिथून उलटं फिरून परत यायचं, असं पुढंमागं. हे मला पहिल्या संध्याकाळी कळलं नव्हतं. मी चोवीसच्या चोवीस खुंट्या गोल भरत गेले आणि चार बोटं काम झाल्यावर माझ्या हातात अण्णांच्या मनगटावर चढेल अशी पिशवी आली. उसवली.

इथं लोकरीबद्दल सांगते, कारण सुरुवात करणारं माणूस इथं फसतं. गंजगोलाईतल्या दुकानात मी आधी सुती दोरा मागितला. आपण कापसाच्या मुलखातली माणसं, सुताची सवय. घरी आणून तीन ओळी केल्या आणि बोटं दुखायला लागली. सूत ताणलं तर ताणत नाही. खुंटीवरून वेढा उचलायचा तर धाग्याला थोडं लवावं लागतं, आणि सूत लवतच नाही. दुसऱ्या दिवशी लोकर आणली. आपण लोकर म्हणतो खरी, पण दुकानात बहुतेक सगळी अ‍ॅक्रिलिकच असते, मेंढीची फार थोडी. अ‍ॅक्रिलिक हलकी, धुवायला सोपी, आणि शेतातल्या माणसाला तीच बरी. खुंट्यांमधलं अंतर मोठं असल्यामुळं एकेरी धाग्याचं काम विरळ होतं, म्हणून दोन धागे एकदम धरायचे. अण्णांसाठी मळखाऊ तपकिरी रंगाचे 100 ग्रॅमचे तीन गुंडे घेतले. शिकायला मात्र तो रंग घ्यायचा नाही. गडद रंगात रात्रीच्या दिव्याखाली वेढे दिसतच नाहीत. घरात भाचीच्या लहानपणच्या टोपड्याची उरलेली पिस्ता लोकर होती, ती सरावाला घेतली. फिकट रंगावर चूक लगेच दिसते.

आता मूळ काम. धाग्याच्या टोकाला सरकफास करून पहिल्या खुंटीला अडकवायचा. मग प्रत्येक खुंटीला धाग्याचा एक पूर्ण वेढा द्यायचा: आतून बाहेर येऊन, खुंटीभोवती फिरून, परत आत, आणि पुढच्या खुंटीकडं. सोळाव्या खुंटीपर्यंत गेलं की तसंच वेढे देत उलटं यायचं. आता प्रत्येक खुंटीवर दोन वेढे, एक खाली, एक वर. हुकानं खालचा वेढा उचलायचा, वरच्या वेढ्यावरून खुंटीच्या डोक्यापलीकडं आत टाकायचा. वरचा वेढा खुंटीवर राहतो आणि एक टाका झाला. सोळा टाक्यांची एक ओळ. हे वाचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात भाची एक ओळ करायची.

माझी पहिली ओळ पाऊण तास चालली. हुक वेढ्याखाली जाईच ना. जोर लावला तर हुक सटकून अंगठ्याच्या पेरात रुतला. दोन दिवस अंगठा सुजलेला होता. कारण माझ्याच हातात होतं. शिलाईच्या कामात धागा ताठ ठेवायचा असतो. टाका सैल राहिला तर ब्लाउजची शिवण उसवते, ग्राहक परत येतो. वीस वर्षांत माझ्या बोटांना एवढंच कळतं की धागा हातात आला की ओढायचा. मी प्रत्येक खुंटीला धागा आवळून बांधत होते, जसा कडब्याच्या पेंढीला आळा.

आत्या त्या वेळी माझ्याकडं डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलेली होती. अण्णांची थोरली बहीण ती. पलंगावर बसून बघत होती. "काय करूलालीस गं?" म्हणाली. सांगितलं. म्हणाली, "इकडं आण बघू." कडं हातात घेऊन खुंट्यांवरनं बोट फिरवलं आणि तिचा चेहराच उजळला. "आगं, हे तर रिळाचं काम!" लहानपणी लाकडी रिळाच्या तोंडाशी चार खिळे ठोकून त्या पोरी त्यावर दोरा वेढायच्या आणि रिळाच्या भोकातून खाली गोफासारखी दोरी निघायची. परकराच्या नाड्या करायच्या त्यांच्या. खिळे चार असोत की चोवीस, काम एकच. मी दिलेला वेढा तिनं बोटानं चाचपला आणि म्हणाली, "माय, गळफास दिलाय का त्याला? धाग्याला घरात यायला जागा ठेव. तू ओढू नको, त्याचं तो बसतो."

त्यानंतर मी धागा ओढायचा नाही, नुसता ठेवायचा, असं ठरवलं. धागा डाव्या हातात मुठीत न धरता करंगळीवरून घेऊन अंगठ्या-तर्जनीतून सैल सोडला. गुंडा मांडीवर ठेवला की तो वळला जाऊन ताण येतो, म्हणून गुंडे एका पातेल्यात टाकून पातेलं पायाशी ठेवलं. पातेल्यात गुंडा आपोआप फिरत राहतो. खालचा वेढा उचलताना हुकाचं टोक खुंटीच्या खाचेत अगदी तळाशी टेकवायचं, मग वर सरकवायचं. तेव्हा धागा तुटत नाही, चिरत नाही. तिसऱ्या दिवशी एक ओळ तीन मिनिटांत व्हायला लागली.

बाहेरच्या अंगाला टाके कसे दिसतात ते मी डोळ्याशी नेऊन बघितलं. एकावर एक चढत गेलेली गव्हाची ओंबी. दोन्ही बाजूंना दाणे झुकलेले आणि मधून दांडा. फक्त या वेढ्याच्या टाक्यात दाण्याच्या बुडाशी धागे एकमेकांवर आडवे पडलेले असतात, कारण वेढा देताना धागा पिळला जातो. मग मुलाचा बनियन उलटा-सुलटा करून भिंगानं बघितला. तेच. तिथं ओंबी बारीक आणि पीळ नाही, एवढाच फरक. मुलानं कुठंसं वाचून सांगितलं की 1589 साली इंग्लंडात विल्यम ली नावाच्या माणसानं मोजे विणायचं यंत्र बनवलं, त्यातही प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आकडी होती. माझ्या प्लास्टिकच्या खुंट्याही तेच करतात. सुयांवर सगळे टाके एका सुईला लोंबतात आणि आपण सांभाळायचे. इथं प्रत्येक टाक्याला त्याचं घर आहे. मधेच ग्राहक आला, दूध उतू गेलं, तर कडं तसंच ठेवून उठता येतं. माझ्यासारखीला हे फार मोठं आहे.

दहा इंच झाले आणि नवी पंचाईत. पिस्ता पट्टी लूमवरून खाली लोंबत होती ती दोन्ही कडांनी मागं वळत वळत गुंडाळली गेली. आठ इंच रुंद पट्टी बघता बघता जाड दोरखंडासारखी दिसायला लागली. हातानं उलगडावी, सोडली की परत गोल. मला वाटलं धुऊन इस्त्री केली की बसेल. कापडाला आपण तेच करतो. त्या तुकड्याच्या एका कोपऱ्यावर, वर सुती फडकं टाकून, मध्यम इस्त्री ठेवली. कोपरा सपाट झाला खरा, पण त्यातली लव गेली. चकचकीत, मरगळलेला, प्लास्टिकच्या पिशवीसारखा. अ‍ॅक्रिलिकला उष्णता लागली की ते कायमचं तसंच राहतं, परत फुलत नाही. नमुन्यावर केलं म्हणून बरं. मेंढीची लोकर असती तर ओली करून, टाचण्यांनी ताणून वाळवली असती तर तिनं ऐकलं असतं. अ‍ॅक्रिलिक तसं ऐकत नाही.

शेजारच्या काकू बाळांचे स्वेटर सुयांवर विणतात. त्यांच्याकडं पट्टी घेऊन गेले. त्यांनी दोन बोटांत धरून उलटीपालटी केली. म्हणाल्या, "सगळे सुलट टाके आहेत. वळणारच. पुढून ओंब्या, मागून गाठी. दोन्ही बाजूंची ओढ वेगळी, मग कापड एका अंगाला वळतं. उलटा टाका घाल. एक ओळ सुलट, एक ओळ उलट."

घरी येऊन मी अण्णांचा जुना मफलर काढला. मापासाठी म्हणून सोबत आणलाच होता, त्यांना सांगितलं होतं की धुऊन रफू करून पाठवते. इतके दिवस मी त्याची लांबी-रुंदीच बघत होते: अठ्ठावन्न इंच लांब, नऊ रुंद. आता त्याचा पोत बघितला. दोन टाके वर, दोन टाके खाली, उभ्या नळ्या-नळ्या. एकतीस वर्षं वापरून झिजलाय, पण कडा कुठंही वळलेली नाही. सुलट आणि उलट बरोबरीनं असले की कापड सपाट राहतं, हे तो माझ्यासमोर इतकी वर्षं खिळ्याला लटकून दाखवत होता.

त्या उभ्या नळ्यांचं काम लूमवरही होतं. दोन खुंट्या सुलट, दोन उलट. पण ते आकसतं, तेवढ्याच खुंट्यांत रुंदी कमी येते, मग मोठं कडं घ्यावं लागतं. आधी मी मधला मार्ग करून बघितला, दोन्ही कडांच्या तीन-तीन खुंट्या तेवढ्या उलट-सुलट आणि मधलं सगळं सुलट. त्यानं भागलं नाही. कड सपाट राहिली, पण ती कडेसकट आत दुमडली. मग काकूंचं ऐकलं, आणि पूर्ण मफलर एक ओळ सुलट, एक ओळ उलट असाच करायचं ठरवलं.

उलटा टाका शिकायला मला एक अख्खी रात्र लागली, आणि तो नीट सांगते, कारण भाची फोनवर सांगत होती तेव्हा मला अर्धाच समजत होता. सुलट टाक्याला धागा वेढ्याच्या वर असतो. उलटाला धागा खुंटीवरच्या वेढ्याच्या खाली घ्यायचा, खुंटीला टेकवून धरायचा. हुक वेढ्यात वरून खाली घालायचा. खालचा धागा हुकात पकडायचा आणि वेढ्यातून वर ओढून काढायचा. एक छोटा नवा फासा वर येतो. तो बोटानं थोडा मोठा करायचा, जुना वेढा खुंटीवरून काढून सोडून द्यायचा, आणि नवा फासा त्याच रिकाम्या खुंटीला अडकवायचा. मग धागा हलकेच ओढायचा, खुंटीला लागेल एवढाच. एका टाक्याला पाच हालचाली. पहिल्या ओळीला वीस मिनिटं गेली. आठवड्यानंतर पाच-सहा मिनिटांवर आले, त्याखाली आजही आले नाही.

आणखी एक गोष्ट भाचीनं शिकवली, ती लाख मोलाची. ओळीची सुरुवात करताना पहिली खुंटी सोडून द्यायची, तिला वेढा द्यायचा नाही, दुसरीपासून चालू करायचं. असं प्रत्येक ओळीला केलं की कडेला साखळीसारखी सरळ वेणी पडते. नाहीतर कडेचे टाके ढिले राहून लोंबतात. माझ्या शिलाईच्या नजरेला कड फार महत्त्वाची. काठ चांगला तर कापड चांगलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस तपकिरी लोकर घेऊन खरं काम सुरू केलं. सोळा खुंट्यांत आठ इंच रुंदी, आणि या विणीत इंचाला पाच ओळी बसत होत्या. जुना मफलर अण्णांना गळ्याभोवती घेतल्यावर कानावर पुरवायला ओढावा लागतो, म्हणून सहा इंच वाढवून चौसष्ट इंच धरले. म्हणजे तीनशे वीस ओळी, पाच हजार एकशेवीस टाके. वहीत दहा-दहा ओळींच्या रेघा ओढल्या. रात्री जेवणं झाली की नऊ ते दहा, मशीनचं झाकण लावून त्याच स्टुलावर बसायचं. आत्याच्या डोळ्याला पट्टी, त्यामुळं ती बघू शकत नव्हती, पण दर थोड्या वेळानं हात पुढं करायची आणि पट्टी चाचपून सांगायची, "हितं आवळलीस," "हितं बरी हाय." तिनं बोट ठेवलेल्या जागी खरंच टाके बसके असायचे. ते दिवस बहुतेक मी कुणावर तरी चिडलेली असायचे, किंवा एखादा ब्लाउज परत आलेला असायचा.

एकशेचाळीसाव्या ओळीला मी काम उजेडात धरलं आणि मधे एक बारीक फट दिसली. दोन धाग्यांपैकी एकच हुकात आला होता, दुसरा मागं तसाच लोंबत राहिला होता, बारा ओळी खाली. रात्रीचे अकरा वाजले होते. बारा ओळी उसवायच्या म्हणजे जवळजवळ तासाभराचं काम पाण्यात. काकू म्हणाल्या असत्या, तेवढाच टाका सोडत खाली जा आणि क्रोशाच्या सुईनं परत वर चढव. ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मी शिवणारी बाई, मी शिवलं. निसटलेला धागा मागच्या अंगाला ओढून घेतला, त्याच लोकरीचा एकेरी धागा सुईत ओवून शेजारच्या गाठीला दोन टाके घालून पक्का केला. पुढून आता शोधूनही सापडत नाही. पण तेव्हापासून प्रत्येक उलट टाक्याला फासा वर आला की दोन्ही धागे डोळ्यानं मोजायचे, मग जुना वेढा सोडायचा, ही सवय लावून घेतली. दोन धाग्यांवर काम करणाऱ्यानं ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

गुंडा संपला तिथं जोड ओळीच्या मधे घेतला नाही, काठाशी घेतला. जुन्या-नव्या धाग्याची बोटभर टोकं सोडली. तिसरा गुंडा दोन धाग्यांसाठी निम्मा-निम्मा करून दोन गुंडे वळले. ते काम मुलानं केलं, दोन खुर्च्यांच्या पाठीला लोकर गुंडाळून.

26 डिसेंबरला शेवटची ओळ झाली. आता टाके बंद करायचे. टोपी करताना शेवटी सगळ्या वेढ्यांतून धागा ओवून ओढून गोळा करतात, मफलरला तसं करायचं नाही, तोंड पिशवीसारखं आवळेल. मफलरला पहिल्या दोन खुंट्या विणायच्या, दुसरीवरचा वेढा उचलून पहिलीवर ठेवायचा, खालचा वरून काढून टाकायचा, उरलेला वेढा दुसरीवर न्यायचा. मग तिसरी विणायची, तिचा वेढा दुसरीवर, असं शेवटपर्यंत. सोळावीवर एक वेढा उरतो, धागा वीतभर ठेवून कापायचा आणि त्यातून ओढून घ्यायचा. मी पहिल्यांदा बंद केले तेव्हा ते टोक दीड इंचानं अरुंद झालं. पुन्हा तोच आवळा. संपत आलं की हात घाई करतो आणि घाईत आवळतो. उसवलं, परत केलं, या वेळी प्रत्येक वेढा सरकवायच्या आधी बोटानं थोडा ढिला केला. मग दोन्ही टोकं समान आली. उरलेली सगळी टोकं प्लास्टिकच्या सुईनं विणीच्या आत तीन-चार इंच नेऊन, एकदा उलट दिशेनं परत आणून दडवली. झालर लावली नाही. चिखलात काम करणाऱ्याला झालर नको.

येळवसला पहाटेच गावी पोचलो. त्या वर्षी अमावास्या सोमवारी होती, शेत माणसांनी भरलेलं. कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड, आंबिलाची बिंदगी, भज्जी, उंडे. पूजा झाली, चारी दिशांना आंबील शिंपडून झालं, आणि जेवायच्या आधी मी पिशवीतून मफलर काढून अण्णांच्या हातात दिला. ते काही बोलले नाहीत. आधी त्यांनी काठ बघितला. दोन्ही काठांवरून अंगठा फिरवत नेला, धोतराचं पान घेताना दुकानात फिरवतात तसा. मग उलटा करून बघितला. म्हणाले, "याला सुलटी बाजू कंची?" म्हटलं, दोन्ही सारख्याच. "मग अंधारात बरं हाय," म्हणाले आणि कानाला गुंडाळला. संध्याकाळी पोरं हेंडगा, म्हणजे कडब्याचा पलिता, पेटवून शेताभोवती पळाली तेव्हाही तो गळ्यातच होता.

गोष्ट इथं संपली नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. मफलर धुऊन तिनं ओला तारेवर टाकला होता. पाण्याच्या वजनानं तो उभा ताणला गेला आणि चौसष्टाचा सत्तर इंच झाला. ही वीण लांबीला ताणतेच, आणि हे मी वहिनीला सांगून ठेवायला हवं होतं: थंड पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि खाटेवर आडवा पसरून वाळवायचा. अण्णा वाकून दारं फोडत होते तेव्हा एक टोक सुटून पाटाच्या चिखलात पडत होतं, म्हणून ते त्याला गाठ मारत होते. गाठ मानेला रुतत होती.

पुढच्या रविवारी मी गेले आणि लूम सोबत नेला. बंद केलेलं टोक शोधलं, उसवायला नेहमी त्याच बाजूनं सुरुवात करायची, टाके घालून सुरुवात केलेल्या बाजूनं उसवत नाही. दडवलेला धागा सुईनं मोकळा केला, शेवटचा फासा सोडला आणि अंगणात बसून तीस ओळी ओढत गेले. तपकिरी लोकर कुरळी होऊन मांडीवर पडत होती. सोळा वेढे एकेक करून परत खुंट्यांवर चढवले. अण्णा शेजारी बाजेवर बसून बघत होते. चौथ्या-पाचव्या खुंटीला एक वेढा निसटायला लागला तर त्यांनीच बोट लावून धरला. "सैल धरा अण्णा," म्हटलं. त्यांनी बोट जरा ढिलं केलं, आणि मी तो वेढा खुंटीवर घेतला. टाके बंद केले, टोक दडवलं. त्या रात्री लाईट साडेदहाला आली. मफलरचा आता गळ्याभोवती एक फेर घेऊन दोन्ही टोकं बंडीत खोचता येतात.